ट्रकचे आयुष्य कोण ठरवतो?

स्वतःची मालवाहू गाडी घेऊन ती स्वतःच चालवणाऱ्या माणसाने कोणता ट्रक निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता गाड्यांच्या विक्रेत्याला किंवा गॅरेजमधल्या मिस्त्रीला विचारण्याचा आहे. प्रशासनविषयक लेखनात त्याला स्थान कशासाठी, असे काही वाचकांस वाटेल. परंतु दिल्ली आणि तिच्या भोवतीचे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र येथे गेल्या दहा-बारा वर्षांत अशी परिस्थिती निर्माण झाली आहे, की ट्रक निवडताना इंजिन, टायर आणि मायलेज यांच्या आधी न्यायालयांचे आदेश, आयोगांचे निर्देश आणि नोंदणी-पुस्तकातील तारीख वाचावी लागते. ट्रकची किंमत बाजार ठरवतो. त्याचे आयुष्य मात्र शासन ठरवते. म्हणून हा प्रश्न प्रशासनाचाही आहे.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध जुना आहे. लहान मालवाहू गाडीला आपण 'टेंपो' म्हणतो आणि दिल्लीतही तोच शब्द चालतो. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये एका जर्मन कंपनीच्या सहकार्याने जी बजाज टेंपो कंपनी उभी केली, तिच्या नावाचे पुढे सामान्यनाम झाले. 'छोटा हत्ती' म्हणून देशभर ओळखली जाणारी टाटा एस ही गाडी २००५ मध्ये बाजारात आली. ती पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने घडवली. तीनचाकी मालवाहू आपे बारामतीच्या कारखान्यात तयार होते. आणि नाशिकचा कांदा, सांगली-नाशिकची द्राक्षे, तासगावचा बेदाणा हा माल दिल्लीच्या आझादपूर मंडईत पोहोचतो तो मुख्यतः ट्रकनेच. त्या मंडईतून पुढे गल्लीतल्या दुकानापर्यंतचा शेवटचा टप्पा जो माणूस पार पाडतो, त्याच्या गाडीचा खर्च वाढला तर तो कुठेतरी शेतकऱ्याच्या पट्टीतून किंवा ग्राहकाच्या खिशातून वसूल होतोच.

हा माणूस कोण, हे आधी पाहू. आपल्या देशात बहुतांश ट्रक मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे नाहीत. एक, दोन किंवा फार तर चार गाड्या असणाऱ्या छोट्या मालकांच्या हाती हा धंदा आहे. त्यांतही सर्वांत खालच्या पायरीवर असतो तो मालक-चालक. आधी तो क्लीनर असतो, मग पगारी ड्रायव्हर होतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी घरच्या स्त्रियांचे दागिने, गावाकडची थोडी जमीन आणि वित्तकंपनीचे कर्ज यांच्या आधारावर पहिली गाडी घेतो. त्याच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असतो. तो निर्णय चुकला तर त्याला पुन्हा दुसऱ्याच्या गाडीचे स्टिअरिंग धरावे लागते, आणि तेही डोक्यावर कर्ज घेऊन.

त्याच्यापुढे ढोबळमानाने चार पर्याय असतात. पहिला, तीनचाकी किंवा पाऊण टनाच्या आसपास माल नेणारी छोटी चारचाकी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ अन्वये एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनास परवान्याची आवश्यकता नसते, ही या वर्गाची मोठी सोय. दुसरा, पिकअप. तिसरा, ज्याला दिल्लीकडे 'कँटर' म्हणतात तो मध्यम ट्रक; कुंडली, मानेसर, साहिबाबाद येथील कारखान्यांचा माल याच्यावर चालतो. चौथा, दहाचाकी किंवा त्याहून मोठा, लांब पल्ल्याचा ट्रक. त्याला राष्ट्रीय परवाना लागतो, दहा टायर लागतात, परतीचे भाडे मिळवून देणारा दलाल लागतो, आणि बहुधा दुसरा ड्रायव्हरही लागतो. वाहन चालवण्याच्या परवान्याचाही येथे संबंध येतो. ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे.

सामान्य परिस्थितीत या चारांतून निवड करताना माणूस चार गोष्टी पाहील. माल कोणता आणि किती मिळणार, परतीला गाडी रिकामी येणार की भरून, डिझेलचा खर्च किती, आणि महिन्याचा हप्ता किती. नाशिकमध्ये किंवा कोल्हापुरात हा हिशेब पुष्कळसा येथेच संपतो. दिल्लीत मात्र तो येथून सुरू होतो.

७ एप्रिल २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल वाहने राजधानी क्षेत्रात चालवण्यास मनाई केली. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची मर्यादा लागू करण्याचे निर्देश दिले. हे राजधानी क्षेत्र म्हणजे केवळ दिल्ली शहर नव्हे. हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांचे अनेक जिल्हे त्यात येतात, आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५५,००० चौरस किलोमीटर आहे. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तीन मोठे जिल्हे एकत्र केले तरी ते याहून लहानच भरतील. त्यामुळे कर्नालचा किंवा भरतपूरचा ट्रकमालक, ज्याची गाडी कदाचित कधीच दिल्लीत जात नाही, तोही या नियमाखाली आला.

याउलट राजधानी क्षेत्राबाहेर मालवाहू गाडीचे आयुष्य योग्यता प्रमाणपत्रावर अवलंबून असते. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी गाडी तपासून घ्यायची, ती उत्तीर्ण झाली तर चालवायची. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी राष्ट्रीय परवान्यासाठी जी वयोमर्यादा घातली, तीसुद्धा साध्या ट्रकला १२ आणि बहुआसी ट्रकला १५ वर्षे अशी होती. म्हणजे एकाच देशात, एकाच कायद्याखाली, एकच ट्रक अकराव्या वर्षी नाशिकला कमावता असतो आणि सोनिपतला भंगार ठरतो.

येथे कोणी म्हणेल, नियम सर्वांना सारखाच आहे; मग छोट्या मालकाची वेगळी तक्रार कशासाठी? त्याचे उत्तर ट्रकच्या मालकीच्या उतरंडीत आहे. नवा ट्रक सहसा मोठी वाहतूक कंपनी घेते. ती तो चार-सहा वर्षे लांब पल्ल्यावर दामटते, त्याची किंमत वसूल करते आणि विकून टाकते. मग तो मध्यम व्यापाऱ्याकडे जातो. तेथून तो मालक-चालकाकडे येतो, कारण त्याच्या ऐपतीत तोच बसतो. पंधरा वर्षांच्या आयुष्यात शेवटची सात-आठ वर्षे ही या गरीब मालकाची असत. नियमाने पाच वर्षे कापली, तेव्हा ती पहिल्या मालकाच्या वाट्यातून गेली नाहीत. ती सगळी शेवटच्याच्या वाट्यातून गेली. कागदावर सर्वांना समान असणारा नियम प्रत्यक्षात एकाच थरावर कसा कोसळतो, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

आकड्यांत मांडू. समजा एका मालक-चालकाने १२ लाख रुपयांना जुना ट्रक घेतला आणि तो वर्षाचे २५० दिवस चालला. सहा वर्षे चालवायला मिळाला तर केवळ गाडीच्या किमतीचा भार दिवसाला ८०० रुपये पडतो. चारच वर्षे मिळाली तर १,२०० रुपये. हे रोजचे जादा ४०० रुपये भाड्यातून मिळतीलच असे नाही, कारण भाडे तो ठरवत नाही. ट्रान्सपोर्ट नगरातल्या अड्ड्यावर जो दर फुटतो तो त्याला मुकाट्याने घ्यावा लागतो. मग हे ४०० रुपये तीनच ठिकाणांहून येऊ शकतात: झोपेतून, देखभालीतून किंवा जादा भरलेल्या मालातून. रस्त्यावरच्या अपघातांची कारणे शोधणाऱ्यांनी हा हिशेबही पाहावा, असे मला वाटते.

या संदर्भात एका तरुणाची हकीकत सांगण्याजोगी आहे. तो सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातला. त्या भागातील कुटुंबे सोने-चांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त भारतभर पसरलेली आहेत, हे परप्रांतातील मराठी वाचकांना ठाऊक असेल. हाही करोलबागेत चुलत्यांच्या दुकानात आला. पण भट्टीपुढे त्याचे मन रमेना, म्हणून पगारी ड्रायव्हर झाला. २०२३ मध्ये तो माझ्याकडे सल्ला विचारण्यास आला. त्याच्यापुढे दोन गाड्या होत्या. एक, २०१७ सालचा, हरियाणा पासिंगचा दहाचाकी डिझेल ट्रक. दुसरी, नवी सीएनजीवरची छोटी गाडी. दोन्हींचा महिन्याचा हप्ता जवळजवळ सारखाच येत होता.

"साहेब," तो म्हणाला, "दहाचाकी घेतली तर गावात मला ट्रकमालक म्हणतील. छोटा हत्ती घेतला तर टेंपोवाला."

या वाक्याला हसू नये. प्रतिष्ठा हीदेखील माणसाची खरी गरज असते, आणि लग्नाच्या वयाच्या मुलाला तर ती रोख रकमेइतकीच उपयोगी पडते. मी त्याला म्हटले, "अरे, तू आधी एक कर. कागदावर दोन तारखा लिही. कर्जाचा शेवटचा हप्ता कधी, आणि गाडीचा शेवटचा दिवस कधी." त्याने लिहिल्या. चार वर्षांचे कर्ज २०२७ मध्ये फिटत होते, आणि ट्रकची दहा वर्षेही २०२७ मध्येच भरत होती. ज्या महिन्यात गाडी त्याची होणार, त्याच महिन्यात ती राजधानी क्षेत्रात निरुपयोगी होणार होती. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन ती दुसऱ्या राज्यात विकता येते हे खरे. पण विकणारा अडलेला आहे हे घेणाऱ्याला माहीत असते, आणि भाव त्याप्रमाणेच पडतो. त्याने सीएनजीची छोटी गाडी घेतली.

पुढे काय झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. राजधानी क्षेत्रातील हवेच्या गुणवत्तेसाठी २०२० मध्ये अध्यादेशाने आणि २०२१ मध्ये कायद्याने जो आयोग नेमण्यात आला, त्याच्या निर्देशानुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ व त्याखालील मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद झाला, आणि बीएस-४ गाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मुभा देण्यात आली. बीएस-६, सीएनजी, एलएनजी आणि विजेवरच्या गाड्यांना ही बंदी नाही. म्हणजे त्या तरुणाने तो हरियाणा पासिंगचा ट्रक घेतला असता, तर त्याची दिल्लीची वाट दहा वर्षे भरण्याआधीच बंद झाली असती. २०२३ मध्ये हा निर्देश अस्तित्वातच नव्हता. कोणत्याही हिशेबी माणसाला तो कागदावर लिहिता आला नसता.

आणखी एक बाब पाहा. बीएस-४ गाड्यांची विक्री देशात ३१ मार्च २०२० पर्यंत कायदेशीर होती. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ज्याने शोरूममधून कोरा करकरीत ट्रक घेतला, त्याने कोणताही नियम मोडलेला नव्हता. सरकारने विक्रीस परवानगी दिली, कर घेतला, नोंदणी केली. सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच त्या ट्रकचा दिल्लीतला प्रवेश संपतो. बरे, तोच ट्रक दिल्ली पासिंगचा असेल तर हा निर्देश त्याला लागू नाही. दोघांचा धूर एकच आहे. फरक आहे तो नंबरप्लेटवरच्या पहिल्या दोन अक्षरांचा.

याचा अर्थ जुने ट्रक धूर ओकत फिरू द्यावेत असा मुळीच नाही. हिवाळ्यात दिल्लीची हवा कशी होते हे येथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही. रात्री नाका खुला झाला की शहरात शिरणारी ट्रकची रांग त्या हवेत भर घालते, हेही खरे. एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलत नाही: तो धूर सर्वांत जास्त वेळ ज्याच्या छातीत जातो तो ड्रायव्हरच असतो. तो रांगेत उभा असतो, काच खाली करून, पुढच्या गाडीच्या सायलेन्सरसमोर. स्वच्छ गाडी ही त्याचीही गरज आहे. न्यायालयांनी हस्तक्षेप केला नसता तर काहीच घडले नसते, हेही मान्य केले पाहिजे. २८ जुलै १९९८ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणण्यासाठी ३१ मार्च २००१ ही मुदत दिली. यंत्रणेने ती पाळली नाही. पंप अपुरे पडले, रिक्षा आणि टॅक्सीवाले रात्रभर रांगेत उभे राहिले, आणि हे काम २००२ च्या अखेरीस पूर्ण झाले. त्रास झाला, पण त्या आदेशात एक गुण होता. काय बदलायचे, कशात बदलायचे आणि कधीपर्यंत, हे अडीच वर्षांहून अधिक काळ आधी सांगितलेले होते.

मग पुढच्या काळात वयाचा नियम का आला? प्रशासनात आयुष्य काढलेल्या माणसाला याचे उत्तर अवघड नाही. वय मोजायला सोपे असते. ते नोंदणी-पुस्तकात छापलेले असते, कॅमेरा नंबरप्लेटवरून ते क्षणात शोधतो, आणि त्यावर वाद होत नाही. धूर मोजायचा तर यंत्र लागते, ते चालवणारा प्रामाणिक माणूस लागतो, आणि रस्त्याकडेच्या टपरीवर मिळणारी पीयूसी प्रमाणपत्रे किती विश्वासार्ह असतात हे आपण सर्व जाणतो. जे मोजणे कठीण ते सोडून जे मोजणे सोपे त्यावर नियम बांधायचा, हा प्रशासनाचा जुना मोह आहे. शाळेचा दर्जा मोजता येत नाही म्हणून पटावरची संख्या मोजायची, तसेच हे.

अशा नियमाची अंमलबजावणीही मग हेलकावे खाते. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन न देण्याची मोहीम सुरू झाली आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच ती पुढे ढकलावी लागली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले. वयाकडून धुराच्या मानकाकडे येण्याचा हा प्रवास योग्य दिशेचा आहे, असे माझे मत आहे. पण मधल्या काळात ज्यांनी घाबरून पडेल भावात गाड्या विकल्या, त्यांना कोणी भरपाई दिली नाही. घाबरतो तो नेहमी छोटाच मालक. मोठ्या कंपनीकडे वकील असतो. तो थांबायला सांगतो.

मग उपाय काय? माझ्या मते पाच गोष्टी करण्याजोग्या आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही फार मोठा निधी लागत नाही.

पहिली, तारीख आधी सांगावी. नोंदणी-पुस्तकावर आणि जुनी गाडी हस्तांतरित होताना नव्या मालकाच्या कागदावर, 'ही गाडी राजधानी क्षेत्रात अमुक तारखेपर्यंत चालेल' असे ठळक छापावे. आज औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. बारा लाखांच्या ट्रकवर नसते.

दुसरी, नवा नियम शक्यतो पुढे विकल्या जाणाऱ्या गाड्यांना लावावा. चालू गाड्यांना लावणे अपरिहार्य असेल, तर निदान एका सर्वसाधारण कर्जाच्या मुदतीइतकी, म्हणजे चार वर्षांची सूचना द्यावी. ज्या गाडीवर सरकारने काल कर घेतला, ती आज बाद करताना सरकारला थोडा संकोच वाटला पाहिजे.

तिसरी, धूर मोजण्याची विश्वसनीय व्यवस्था उभारावी. स्वयंचलित तपासणी केंद्रांची कल्पना धोरणात आलेली आहे. ती केंद्रे ट्रान्सपोर्ट नगर, गाझीपूर, कुंडली अशा ठिकाणी, जेथे ट्रक प्रत्यक्ष उभे असतात तेथे हवीत.

चौथी, शेवटच्या मालकाला हात द्यावा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीत येणाऱ्या मालवाहू गाड्यांवर पर्यावरण भरपाई आकार बसला: हलक्या आणि दोन आसांच्या गाडीला ७०० आणि त्याहून मोठ्या गाडीला १,३०० रुपये. त्याच वर्षी डिसेंबरात तो दुप्पट झाला. हा पैसा ट्रकवाल्यांच्याच खिशातून आला, आणि त्याचा विनियोग संथ असल्याची टीका वारंवार झाली. त्यातील काही भाग, ज्याच्या नावावर एकच गाडी आहे अशा मालकाला ती मोडीत काढून स्वच्छ गाडी घेण्यासाठी का देऊ नये? २०२५ मध्ये केंद्राने विजेवरच्या मोठ्या ट्रकसाठी कमाल ९.६ लाख रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केले. ते स्वागतार्हच आहे. परंतु उरलेली किंमत उभी करण्याची ताकद कंपन्यांकडे असते, मालक-चालकाकडे नसते.

पाचवी, भाषा. हे सर्व आदेश आणि निर्देश प्रथम इंग्रजीत निघतात आणि संकेतस्थळावर पडून राहतात. ज्याच्यावर त्यांचा परिणाम व्हायचा त्याला ते नाक्यावर अडवल्यावर कळतात. सोप्या हिंदीतील एक पानाचे पत्रक आरटीओत, पंपावर आणि वित्तकंपनीच्या टेबलावर ठेवणे अशक्य नाही.

प्रशासन हे करेल तेव्हा करेल. तोवर ज्याला दिल्लीत पहिली गाडी घ्यायची आहे, त्याने काय करावे? मोठ्या जुन्या गाडीपेक्षा लहान नवी गाडी पत्करावी. बीएस-६ पेक्षा कमी दर्जाची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कर्जाचा शेवटचा हप्ता आणि गाडीची दहा वर्षे यांत किमान चार वर्षांचे अंतर असावे. ही चार वर्षे हीच खरी कमाई. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे नवी गाडी पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. शहरातच काम करायचे असेल तर सीएनजी किंवा विजेची छोटी गाडी पाहावी. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने विजेवरच्या छोट्या मालवाहू गाड्यांना सुमारे २५० रस्त्यांवरील गर्दीच्या वेळच्या प्रवेशबंदीतून सूट दिली. सकाळ-संध्याकाळचे ते तास म्हणजे दिवसाला एक-दोन जादा फेऱ्या होत. घरपोच माल पोहोचवणाऱ्या कंपन्यांकडे गाडी लावण्याचा विचार असेल, तर १ जानेवारी २०२६ पासून त्यांच्या ताफ्यात डिझेल-पेट्रोलच्या नव्या छोट्या मालगाड्या घेण्यास मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे. घराजवळ आणि रोजच्या वाटेवर सीएनजीचा पंप किंवा चार्जिंगची सोय आहे का, हे सही करण्यापूर्वी स्वतः फिरून पाहावे.

आणि एक शेवटचे. हिशेब मांडताना जादा मालाचे भाडे त्यात धरू नये. १ सप्टेंबर २०१९ पासून क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल भरला तरच हप्ता फिटणार असेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही असे समजावे. मग दुसऱ्या प्रकारचा हप्ताही सुरू होतो, आणि त्याला शेवटची तारीख नसते.

नियम कडक असावेत, याबद्दल माझे दुमत नाही. माणूस कडक नियमाशी जुळवून घेतो. आपले मालक-चालक तर घाटातल्या वळणाशीही जुळवून घेतात. पण वळणाआधी पाटी लागते. रस्त्यावर ती लावणे हे ज्या यंत्रणेचे कर्तव्य आहे, तिने ती नोंदणी-पुस्तकातही लावावी, एवढीच अपेक्षा आहे.